उणीव आणि अपराध

मधपेटीतील राणीमाशी निकामी झाली आहे, हे ओळखणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते त्यापुढचे: तिला अपराधी ठरवावे काय?

खुणा तर उघड असतात. निरोगी राणीची पिल्ले पोळ्यावर सलग, दाट पसरलेली दिसतात. तिचा जोम ओसरला की तिथे रिकाम्या घरांची चाळण होते. कामकरी माश्यांच्या लहान घरांवर बंदुकीच्या गोळीसारखी फुगीर झाकणे आढळली, तर आत नर वाढत आहेत असे समजावे. नर अफलित अंड्यातून जन्मतो, हा सिद्धान्त 1845 साली मांडणारे यान जेर्झोन (1811–1906) हे सायलेशियातील कॅथलिक धर्मगुरू होते. खेड्यातल्या धर्मगुरूच्या फावल्या वेळाचे याहून गोड फळ मला तरी ठाऊक नाही!

आता कारण पाहू. राणी तारुण्याच्या आरंभीच्या काही दिवसांतच पेटीबाहेर उडते, अनेक नरांशी तिचे मीलन होते आणि तेव्हा लाभलेले वीर्य तिला जन्मभर पुरवावे लागते. नेमक्या त्या दिवसांत पावसाने झड धरली, किंवा परिसरात नरच थोडे असले, तर ही शिदोरी अपुरी राहते. जिनिव्हाचे अंध संशोधक फ्रांस्वा ह्युबेर (1750–1831) यांनी दाखवून दिले की, मीलनास फार विलंब झालेली राणी पुढे केवळ नरच प्रसवते. नात्यातल्या नरांशी गाठ पडली, तर काही अळ्या कामकरी माश्याच खाऊन टाकतात आणि पिल्ले विरळ दिसतात. यात तिचा अपराध कोणता? नीतिशास्त्र अपराधासाठी जाणीव आणि संमती मागते. येथे दोन्ही नाहीत. आहे ती केवळ उणीव.

तथापि, अपराध नाही म्हणून काहीच करू नये, हेही मला पटत नाही. ऐन हंगामात कामकरी माशीचे आयुष्य अवघे सहा आठवड्यांचे. नव्या कामकरी निपजल्या नाहीत तर सारी वसाहत संपते. अशा वेळी राणी बदलणे ही शिक्षा नव्हे. ते हजारोंचे पालन होय. मात्र तत्पूर्वी पेटीत रोग वा उपासमार नाही ना, हे पाहावे, कारण त्यांनीही पिल्ले विरळ होतात. नवी राणी सुरुवातीला एखाद्या घरात दोन अंडी घालते. तिलाही थोडे दिवस द्यावेत.

माश्या स्वतःच राणी बदलतात, तेव्हा बहुधा पोळ्याच्या मध्यभागी मोजकीच राणीघरे बांधतात. नवी राणी अंडी घालू लागली तरी जुनीला त्या लगेच दूर करतातच असे नाही. कधीकधी काही काळ मायलेकी एकाच पोळ्यावर, शेजारी शेजारी, अंडी घालताना दिसतात.