बेटावरचे अग्निशमन दल आणि वाचवण्याचे कर्तव्य

हवाई राज्यात आगीशी झुंजण्याची मुख्य जबाबदारी राज्याकडे नसून काउंटीकडे आहे. होनोलुलू, हवाई, माउई आणि काउआई या चार काउंट्यांची चार वेगळी अग्निशमन दले आहेत. त्यांतल्या माउई काउंटीच्या दलाचा भूगोल सर्वांत अवघड. माउई, मोलोकाई आणि लनाई ही वस्ती असलेली तीन बेटे या एकाच दलाच्या अखत्यारीत येतात. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या सुमारे १ लाख ६५ हजार भरली. त्यांपैकी मोलोकाईवर सात हजारांच्या आसपास आणि लनाईवर तीन हजारांहून थोडे अधिक लोक राहतात. मधल्या खाड्या दहा-पंधरा किलोमीटरच्याच आहेत, पण वर्दी आल्यावर बंबाला त्या ओलांडता येत नाहीत. दलाच्या प्रमुखाची नेमणूक नागरिकांचा एक आयोग करतो. आग विझवण्याबरोबरच कड्यावर अडकलेल्या गिर्यारोहकाला उतरवणे आणि समुद्रात वाहून गेलेल्याला शोधणे हीही दलाचीच कामे आहेत.

अशा दलापुढे एक जुना नैतिक प्रश्न उघडावाघडा उभा राहतो: सगळ्यांना वाचवणे शक्य नसेल, तर वाचवण्याचे कर्तव्य नेमके कुणाचे, किती आणि केव्हाचे?

मुख्य भूमीवर हा प्रश्न सहसा शेवटपर्यंत विचारावाच लागत नाही. कॅलिफोर्नियात १९५० पासून परस्पर मदतीचा राज्यव्यापी करार आहे. एका काउंटीचे बंब कमी पडले की शेजारच्या काउंटीचे निघतात, तेही अपुरे पडले की त्यापलीकडचे. ‘आमच्याकडे आहे ते एवढेच’ हे वाक्य तिथल्या प्रमुखाला क्वचितच पूर्ण करावे लागते. माउईपासून होनोलुलू विमानमार्गे सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि कॅलिफोर्निया जवळजवळ चार हजार किलोमीटरवर. पहिल्या काही तासांत जी माणसे, जे बंब आणि जे पाणी बेटावर असेल तेवढ्यावरच भागवावे लागते. मुख्य भूमीवरही साधने अमर्याद नसतात, फक्त शेजाऱ्याच्या भरवशामुळे ती मर्यादा नजरेआड राहते. बेटावर ती झाकायला काही नसते.

ही मर्यादा पहिल्यांदा भेटते ती अग्निशमन केंद्रांच्या जागा ठरवताना. निव्वळ आकड्यांनी विचार केला तर बहुतेक बंब माउईच्या मध्यभागी, काहुलुईसारख्या दाट वस्तीत ठेवायला हवेत, कारण तिथे प्रत्येक बंबामागे अधिक माणसांना संरक्षण मिळते. प्रत्यक्षात मोलोकाईवर तीन केंद्रे आहेत आणि लनाईवर एक. हा नुसता राजकीय तडजोडीचा भाग आहे, की त्याला नैतिक आधार आहे?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी तत्त्वज्ञानात यावर मोठा वाद झाला. एलिझाबेथ अ‍ॅन्सकोम यांनी १९६७ मध्ये विचारले की पाच जणांऐवजी एकालाच वाचवले, तर त्या पाचांपैकी नेमका कुणावर अन्याय झाला? दहा वर्षांनी जॉन टॉरेक यांनी हा विचार टोकाला नेला. त्यांच्या मते पाच मृत्यूंची बेरीज कुणा एकाच्या वाट्याला येत नाही, प्रत्येक जण स्वतःचे एकच आयुष्य गमावतो. म्हणून एक विरुद्ध पाच अशी निवड असेल तेव्हा नाणे उडवून सर्वांना सारखी संधी देणे हेही न्याय्य ठरू शकते. बहुतेकांना हे पटले नाही. टी. एम. स्कॅनलन यांनी १९९८ मध्ये दिलेले उत्तर अधिक समंजस आहे. एकाच्या हक्काने दुसऱ्या बाजूच्या एकाचा हक्क तोलला गेल्यावर उरलेल्या चौघांच्या असण्याने काहीच फरक पडू नये, हे त्या चौघांना माणूस म्हणून न मोजण्यासारखे आहे. आकडे मोजायचे, पण कारण बेरीज मोठी होते हे नव्हे. प्रत्येकाची दखल घेतली गेली पाहिजे, म्हणून मोजायचे.

मोलोकाईच्या प्रश्नाला हे उत्तर लागू करताना एक बारकावा पुढे येतो. मोलोकाईचा रहिवासी काहुलुईइतके बंब मागत नाही. आपल्या वाट्याला शून्य येऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे. शहरातल्या एका वस्तीत बंब चार मिनिटांऐवजी आठ मिनिटांनी पोहोचला तर संरक्षण कमी होते. समुद्रापलीकडच्या बेटावर केंद्रच नसेल तर संरक्षण नसतेच. कमी आणि नाही यांतला फरक प्रमाणाचा नाही. कर देणाऱ्या, त्याच काउंटीचे नागरिक असलेल्या माणसांना ‘तुम्ही थोडे आहात’ या कारणाने पूर्ण वगळणे म्हणजे त्यांची दखल न घेणेच होय. प्रत्येक बेटावर किमान एक केंद्र हे म्हणूनच न्यायाचे किमान मानले पाहिजे. त्यापुढच्या वाटपात आकड्यांना खुशाल स्थान द्यावे. या किमानाची किंमत मात्र खरी आहे. मोठ्या बेटावर मोठी आग लागली की समुद्रापलीकडचे बंब तासाभरात हाताशी येत नाहीत.

ही किंमत किती मोठी होऊ शकते, हे ८ ऑगस्ट २०२३ रोजी दिसले. उत्तरेला हवेचा जास्त दाब आणि दक्षिणेला दूरवरून जाणारे डोरा चक्रीवादळ, यांमुळे माउईच्या डोंगरउतारांवरून समुद्राकडे प्रचंड वारा सुटला होता. मध्यरात्रीनंतर लगेच ओलिंडा भागात आग लागली, सकाळी साडेसहाच्या सुमारास लाहायना गावाच्या वरच्या अंगाला आणि दुपारच्या आधी कूला भागात. कर्मचारी संघटनेच्या अध्यक्षांनी त्या वेळी सांगितल्याप्रमाणे तिन्ही बेटे मिळून एका वेळी कामावर जास्तीत जास्त ६५ जवान असत, आणि दलाकडे १३ बंब व दोन शिडीच्या गाड्या होत्या, त्याही सगळ्या पक्क्या रस्त्यावर चालणाऱ्या. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टरना आगीवर पाणी टाकता येईना. विजेचे खांब कोसळून रस्ते अडले. घरे जळत गेली तशा त्यांतल्या नळांतून पाणी वाहून गेले आणि हायड्रंटमधला दाब खाली आला. लाहायनात २,२०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि मृतांची संख्या अखेरीस १०२ वर गेली. मृतांमध्ये बहुसंख्य साठीच्या पुढचे होते.

इथे कांटच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व बचावाला येते: जे करता येणे शक्य नाही, ते करण्याचे कर्तव्य कुणावर असू शकत नाही. पाणी नाही, हवाई मदत नाही, अधिक माणसे नाहीत. मग त्या संध्याकाळी सगळ्यांना वाचवण्याचे कर्तव्य कुणावर नव्हते आणि दोषही कुणाचा नाही. या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या जवानाला तो पूर्ण लागू पडतो, आणि त्याच्याकडून याहून अधिक मागणे क्रूरपणाचे ठरेल.

दुसरा अर्धा भाग मात्र टिकत नाही, कारण शक्यतेलाही तारीख असते. दुपारी चार वाजता काय करता येईल हे कित्येक वर्षे आधी ठरत आलेले असते. परतफेडीचे पैसे आधीच उधळून बसलेला ऋणको ‘आता माझ्याकडे काही नाही’ म्हणून कर्जातून मोकळा होत नाही. लाहायनाच्या वरच्या उतारांवर एकेकाळी उसाची शेती होती. तिथली पायोनियर साखर गिरणी १९९९ मध्ये बंद पडली. पाटाचे पाणी थांबलेल्या पडीक जमिनीवर आफ्रिकेतून आलेले, झपाट्याने वाढणारे आणि वाळल्यावर चटकन पेटणारे गवत पसरले. ऑगस्ट २०१८ मध्ये दुसऱ्या एका चक्रीवादळाच्या वेळी याच परिसरात वणवा लागून २१ घरे जळाली होती. म्हणजे वारा, गवत आणि गाव एकत्र आले की काय होते, याचा धडा पाच वर्षे आधी मिळाला होता.

पण तो धडा कुणी घ्यायचा होता? जमीन अग्निशमन दलाची नव्हती, विजेच्या तारा त्याच्या नव्हत्या, पाणीपुरवठाही त्याच्या हाती नव्हता. राजकीय तत्त्वचिंतक डेनिस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये या पेचाला अनेक हातांचा प्रश्न म्हटले. पुष्कळ जणांच्या छोट्या-छोट्या निर्णयांतून एक मोठे अनिष्ट घडते आणि कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुमारे चार अब्ज डॉलरच्या तडजोडीत राज्य सरकार, काउंटी, वीज कंपनी, मोठे जमीनमालक आणि दूरसंचार कंपन्या असे सात पक्ष होते. ही यादीच त्या प्रश्नाचे चित्र आहे. भरपाईची वाटणी झाली म्हणजे दोषाची वाटणी झाली असे नव्हे, तडजोडीत दोष कबूल करावा लागत नाही. तरीही हात अनेक आहेत म्हणून जबाबदारी विरून जात नाही. प्रत्येक हाताला त्याच्या आवाक्यातले काम विचारता येते. आपल्या जमिनीवरचे गवत कापणे जमीनमालकाच्या आवाक्यात असते आणि वाऱ्याच्या दिवशी तारा बंद ठेवणे वीज कंपनीच्या. दलाच्या प्रमुखाच्या आवाक्यात धोका लेखी मांडत राहणे असते, अंदाजपत्रकाच्या बैठकीत कुणाला ते रुचले नाही तरी.

निसर्गाच्या किंवा देवाच्या नावावर आपत्ती टाकून मोकळे होण्याचा मार्ग मोठा मोहाचा असतो. भारतीय परंपरेतले एक उदाहरण इथे उपयोगी पडते. कौटिलीय अर्थशास्त्रात आग ही आठ दैवी महाभयांमध्ये पहिली मोजली आहे. पण ती दैवी म्हटल्यावर कौटिल्य हात जोडून बसत नाही. उन्हाळ्यात गावकऱ्यांनी स्वयंपाक घराबाहेर करावा, असे तो लगेच सांगतो. नगराच्या व्यवस्थेत घरोघरी पाण्याची भांडी, शिडी, कुऱ्हाड, आकडा ठेवण्याचा नियम आहे, आणि आग लागल्यावर धावून न जाणाऱ्या घरमालकाला बारा पण (तेव्हाचे नाणे), तर भाडेकरूला सहा पण दंड आहे. आग दैवी असली तरी शिडी घरात नसणे हा माणसाचा अपराध. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे स्वतंत्र उपपर्व आहे, संकटात नेहमीचे नियम शिथिल होतात हा त्याचा विषय. अग्निशमन दलाला त्या सवलतीचा आधार फारसा घेता येत नाही. संकट हेच त्याचे रोजचे काम आहे, आणि त्याचा खरा धर्म शांततेच्या दिवसांत, केंद्रे, राखीव बंब आणि सराव यांत पाळला जातो किंवा मोडला जातो.

सर्वांत नाजूक प्रश्न लाहायनातल्या त्या सकाळच्या आगीचा आहे. तुटलेल्या तारेत पुन्हा वीज सोडली गेल्यामुळे गवत पेटले, असा निष्कर्ष ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या तपासात निघाला. नऊच्या सुमारास आग आटोक्यात आल्याचे जाहीर झाले. त्यानंतरही जवान कित्येक तास तिथे थांबले, पाणी मारत राहिले, आणि धूर दिसेनासा झाल्यावर दुपारी सव्वादोनच्या सुमारास निघाले. तीन वाजण्याच्या आधीच तिथे पुन्हा धूर दिसला. दुपारची आग ही सकाळच्याच आगीची राखेखाली उरलेली धग होती, असे तपासाने मानले आणि घटनेची नोंद अपघात म्हणून केली.

असेच निर्णय जगभरातली दले रोज घेतात, आणि त्यांतले बहुसंख्य कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये नैतिक नशिबाचा जो प्रश्न मांडला, तो हाच. दोन माणसांनी तेच केले, तेवढ्याच काळजीने केले, पण परिणाम वेगळे झाले, तर त्यांना वेगळे तोलायचे का? विल्यम्स यांचे उत्तर जवानांच्या बाबतीत न्यायाचे वाटते. ज्याच्या हातून, दोष नसताना, अनर्थ घडला त्याला त्रयस्थाहून वेगळे दुःख होणारच, आणि ते व्हावेही. ते दुःख अपराधाची कबुली नसते. ‘तुझा काही संबंध नाही’ असे त्याला सांगणे खोटे ठरते आणि ‘तूच कारण’ असे सांगणे अन्यायाचे. दल चालवणाऱ्याचे एक मोठे काम या दोहोंच्या मधली जागा आपल्या माणसांसाठी राखणे हे आहे. त्या जागेत तपास उघडपणे होतो आणि त्यात सापडलेली चूक शिक्षेच्या भीतीने लपवली जात नाही.

त्या दिवशीच्या कामगिरीबद्दल दलाने करून घेतलेला अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. पडलेल्या तारा ओलांडून जवानांनी लोकांना पाठुंगळी नेले, बंबाच्या आत आसरा दिला, एकाने मोपेडवरून जळत्या भागात पुन्हा पुन्हा जाऊन एकेकाला बाहेर काढले, असे त्यात नोंदले आहे. त्यांच्यापैकी अनेकांची स्वतःची घरे त्याच वेळी जळत होती. जे. ओ. अर्मसन यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले होते की नीतीच्या जगात कर्तव्य, अनुज्ञा आणि निषेध एवढे तीनच कप्पे पुरत नाहीत. कर्तव्याच्या पलीकडचे, मागता न येणारे, पण केले तर थोर असे काही असते. मोपेडवरच्या जवानाचे कृत्य त्या जातीचे आहे. म्हणूनच ते कुठल्याही योजनेचा आधार होऊ शकत नाही. राखीव बंब सामानासह सज्ज ठेवले नाहीत तर ती उणीव जवानांच्या शौर्याने भरून निघेल असे गृहीत धरणे म्हणजे जे दान म्हणून मिळाले ते कर म्हणून वसूल करणे होय. अहवालाच्या शिफारशींत राखीव बंब पूर्ण सामानासह ठेवण्याची आणि राज्यातल्या इतर यंत्रणांशी परस्पर मदतीचे करार करण्याची शिफारस आहे.

राज्याने २०२४ मध्ये कायदा करून, चार दशकांहून अधिक काळापूर्वी रद्द केलेले राज्य अग्निशमन अधिकाऱ्याचे पद पुन्हा निर्माण केले. करारांचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण या चार काउंट्यांपैकी प्रत्येक काउंटी स्वतःच बेट किंवा बेटांचा समूह आहे. होनोलुलूने बंब व जवान माउईकडे पाठवले तर तेवढ्या काळासाठी त्याच्या स्वतःच्या ओआहू बेटावरचे संरक्षण तेवढे कमी होते, आणि ज्या वाऱ्याने माउई पेटते तोच वारा त्या दिवशी इतर बेटांवरही वाहत असतो. २०२३ च्या त्याच दिवसांत हवाई बेटावरही वणवे लागले होते. म्हणून मदतीचा करार करणारा प्रमुख आपल्या लोकांच्या वतीने एक जोखीम पत्करत असतो, आणि ती किती पत्करायची हे त्या लोकांना आधी विचारून ठरवले, तरच तो करार सही करणाऱ्याचा एकट्याचा न राहता त्या बेटाचा होतो.