सील कुणासाठी?

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापवायची आणि नेमक्या क्षणाला तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा. पेट ती आपसूक घेते. फवारा किती आणि कधी सोडायचा, हे ठरवतो तो पंप. बॉशनं १९२७ साली असले पंप कारखान्यात बनवायला घेतले. १९५१ मध्ये बंगळुरात मायको निघाली आणि पुढं ते आपल्याकडंच बनू लागले. आमच्याकडचे जुने ट्रकवाले अजून ‘मायकोचा पंप’ असंच म्हणतात.

हायवेला लागून असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावी पंप-नोझलचं एक दुकान होतं. चालवणाऱ्याला लहानथोर सगळे मामा म्हणत. सहा सिलेंडरच्या पंपात सहा एलिमेंट असतात. एलिमेंट म्हणजे एक दांडी आणि तिचं घर. दोन्ही एकमेकांत घासून जुळवलेले. मधली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे माणसाच्या केसाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळं एकाची दांडी दुसऱ्याच्या घरात चालत नाही. बदलायची तर जोडीच बदलायची. वंगण म्हणून वेगळं काही नसतं, डिझेलच ते काम करतं. म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळणाऱ्याचे पैसे वाचतात ते चार दिवस, मग दांडीवर ओरखडे उठतात आणि गाडी मामांच्या दारात येऊन उभी राहते.

दुरुस्त झालेला पंप मामा टेस्टिंगच्या मशीनवर चढवत. समोर काचेच्या सहा नळ्या. पंप फिरला की सहाही नळ्यांत डिझेल पडे आणि सगळीकडं सारखी उंची येईपर्यंत मामा उठत नसत. एखादा म्हणे, “मामा, एकच एलिमेंट गेलंय न्हवं, तेवढंच टाका की.” मामा म्हणत, “नव्याला जास्त मिळंल, जुन्याला कमी. घरात भांडणं लावून देऊ व्हय?”

पण खरा पेच बदलण्याचा नसे, वाढवण्याचा असे. ऊस सुरू झाला की रोज कुणीतरी येऊन म्हणे, “पंप जरा वाढवून द्या. घाटात गाडी दम टाकती.” पंप वाढवणं म्हणजे डिझेलची कमाल मर्यादा बांधून ठेवणारा स्क्रू फिरवणं. त्या स्क्रूला तार आणि शिशाचं सील असतं. ते तोडलं की दहा मिनिटांचं काम. गाडी लगेच हलकी वाटते, ड्रायव्हर खूष. पण इंजिनात हवा पहिल्याएवढीच येते. तिला जाळता येईल त्याहून जास्त डिझेल पडलं की उरलेलं काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडतं. इंजिन जास्त तापतं, पिस्टनची डोकी जळू लागतात.

मामा सील तोडत नसत. ते आधी फिल्टर बघत, कुठं हवा खेचते का बघत, नोझल तपासत. “गेलेली ताकद आधी परत आणू. वाढवायचं मग बघू.” निम्म्या गाड्यांचं काम तिथंच भागे. उरलेल्यांना विचारत, “जोर वाढवून देतो, पण ब्रेक कुठला आणणार?” दहा टनांच्या गाडीत पंधरा टन घालून चढ चढता येईल, पण प्रत्येक चढाला पलीकडं उतार असतो, आणि तिथं पंप कामाला येत नाही. याचा अर्थ मामा सुधारणेच्या विरोधात होते असं नाही. कुणी टर्बोचं इंजिन बसवलं तर त्याला जुळणारा मोठा पंप ते आनंदानं तयार करून देत. तिथं हवाही वाढलेली असते. सगळ्याला धरून एक गोष्ट वाढवणं वेगळं आणि एकीला ओरबाडून बाकीच्यांवर लोटणं वेगळं.

गाडीवाल्याचं म्हणणं असे, गाडी माझी, पंप माझा, इंजिन जळालं तर माझं जळेल. हे सील कुणासाठी? प्रश्न बिनतोड वाटतो. मी त्यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, सौदा दुकानात दोघांत होतो, पण त्याचं देणं तिथं हजर नसलेल्यांवर पडतं. उसाच्या मोळ्यांवर बसून निघालेली टोळीतली बाई, गाडीमागं तोंडाला ओढणी लावून सायकल मारणारी शाळकरी पोरगी, दोन वर्षांनी तीच गाडी विकत घेणारा कुणी अडाणी माणूस. यांना कुणी विचारत नाही. त्यांच्या वतीनं त्या दुकानात जे काही असतं, ते तेवढं शिशाचं टिकलीएवढं सील.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं: “तुम्ही नाही केलं तर पुढचा करंल.” आणि करायचेच. चौकात दुसरं दुकान होतं, तिथं सील तुटायचं आणि गाडी संध्याकाळी काळा धूर सोडत मामांच्या दारावरूनच जायची. मग मामांच्या नकारानं काय साधलं? धूर काही कमी झाला नाही. पण या युक्तिवादात एक खोट आहे. तोच पुढच्या दुकानदारालाही लागू पडतो, त्याच्या पुढच्यालाही. सगळे दुसऱ्याकडं बोट दाखवून मोकळे होतात आणि काम मात्र कुणाच्या तरी हातूनच होतं. मामांना आपला हात तेवढा बाजूला ठेवायचा होता.

आता गाड्या बदलल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. पंपाचं मोजमाप संगणक करतो, स्क्रू नाही आणि शिशाचं सीलही नाही. तरी लॅपटॉप लावून जोर वाढवून देणारे निघालेच आहेत. त्यांच्याही गिऱ्हाइकाचा प्रश्न तोच, गाडी माझी आहे ना?

मला मात्र एक गोष्ट अजून टोचते. पंप वाढवा म्हणणारा पोरगा लोभी नव्हता. कारखान्याकडून उचल घेऊन त्यानं मुकादमाला दिलेली, वर गाडीचे हप्ते. पैसा टनावर मिळणार, आणि हंगाम चार-पाच महिन्यांचा. एक खेप वाढली तरच त्याचं गणित बसत होतं. मामांनी सील राखलं आणि त्यासाठी गिऱ्हाईक गमावलं. जो मामांचं ऐकून पाच टन कमी भरून गेला, त्यानं ती तूट स्वतःच्या खिशातून भरली. टनाचा दर ठरवणारा त्या दुकानाची पायरी कधी चढला नाही, तोही गैरहजरच. सौदा दोघांत होतो म्हणताना आपण त्याला विसरतो. मर्यादा पाळायची ती शेवटच्या माणसानं एकट्यानं, आणि तिची किंमतही त्यानंच मोजायची, हा न्याय मला पटलेला नाही. ती किंमत वाटून घ्यायला गावातून कुणी पुढं आलं नाही, शहरातूनही नाही. साखर मात्र सगळ्यांच्या घरी पोचली.