देवाचे ताट आणि घरचे ताट



श्रींचे दर्शन घेऊन आपण अन्नछत्राच्या पंगतीस बसता, तेव्हा पानावर येते ते किती साधे असते! वरण, भात, एखादी भाजी, क्वचित गोडाचा घास. पक्वान्नांची रांग नसते, चवींची चढाओढ नसते. तरीही त्या भोजनाने होणारी तृप्ती घरी परतल्यावरही स्मरणात राहते. या तृप्तीचे कारण काय असावे? विचार करता तीन गोष्टी दिसून येतात. हे अन्न त्याच दिवशी ताजे शिजलेले असते. ते प्रथम देवास अर्पण झालेले असते. आणि शेजारी कोण बसला आहे, हे न विचारता ते सर्वांना सारखे वाढलेले असते.

या तिन्ही गोष्टींसाठी ना सोन्याचे ताट लागते, ना मोठी दौलत. त्या आपल्या घरच्या चुलीवरही साधतात. म्हणून क्षेत्राहून परतताना प्रसादाच्या पुडीबरोबर ही त्रिसूत्रीही घरी न्यावी, एवढेच या चिंतनाचे प्रयोजन आहे.

अन्न तसे मन

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आणि त्यांचा पुत्र श्वेतकेतू यांचा एक बोधप्रद प्रसंग आहे. अन्नाच्या सूक्ष्म भागापासून मन घडते, असे पिता पुत्रास सांगतो. पुत्र बारा वर्षे वेदाध्ययन करून आलेला, विद्येचा थोडा अभिमानही बाळगणारा. पिता त्याला पंधरा दिवस उपवास करावयास लावतो. पाणी मात्र हवे तेवढे पिण्याची मुभा देतो. सोळाव्या दिवशी तो वेद म्हणावयास सांगतो, तर श्वेतकेतूला काहीच आठवेना. मोठ्या अग्नीतील काजव्याएवढा एकच निखारा उरावा, तशी आपल्या पुत्राची स्थिती झाली आहे, हे पिता ओळखतो आणि त्याला जेवून येण्यास सांगतो. भोजन होताच सारे अध्ययन पुन्हा जागे होते.

ऋषींनी येथे कोरडा उपदेश केला नाही, अनुभव घडविला. आपण ज्या मनाने नामस्मरण करतो, मुलांना शिकवितो, व्यवहारात खरे-खोटे ठरवितो, ते मन कालच्या आणि आजच्या घासांवर पोसलेले आहे. त्या घासाकडे दुर्लक्ष करून केलेली साधना म्हणजे पाया न पाहता कळसाला सोन्याचा मुलामा देणे होय.

आहारशुद्धी म्हणजे काय?

याच उपनिषदात पुढे, आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते आणि अंतःकरण शुद्ध झाले की स्मृती स्थिर होते, असा सिद्धान्त येतो. श्रीमद् आद्य शंकराचार्यांनी येथे आहार शब्दाचा व्यापक अर्थ घेतला आहे. डोळे, कान इत्यादी इंद्रिये जे जे आत घेतात, ते सर्व आहारच. श्रीरामानुजाचार्यांनी मुखाने घ्यावयाच्या अन्नाचा विचार करून त्याचे तीन दोष टाळावयास सांगितले : जातिदोष, आश्रयदोष आणि निमित्तदोष. ही दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. दूरचित्रवाणीवरील भांडणे किंवा हातातील मोबाइल पाहत सात्त्विक भोजन केले, तर तोंडाने एक आणि डोळ्यांनी दुसरे, असे दोन आहार एकाच वेळी पोटात जातात!

आता आचार्यांनी सांगितलेले तीन दोष आजच्या जीवनात कसे ओळखावेत, ते पाहू.

पहिला जातिदोष, म्हणजे पदार्थाच्या मूळ स्वभावातील दोष. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. आयुष्य, बल, आरोग्य आणि प्रसन्नता वाढविणारे रसाळ, स्निग्ध अन्न सात्त्विक. अति तिखट, अति खारट, जळजळ करणारे ते राजस. आणि शिजून बराच काळ लोटलेले, रस गेलेले, शिळे ते तामस. ज्वारीची गरम भाकरी, मुगाचे वरण, हातसडीच्या तांदळाचा भात, परसातील पालेभाजी, वाटीभर ताक यांना सात्त्विकतेचे वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. उलट महिनोन्महिने पाकिटात राहिलेला, मीठ-साखर-तेलाच्या भाराने चविष्ट केलेला पदार्थ भगवंतांच्या या कसोटीवर कोठे बसतो, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

दुसरा आश्रयदोष, म्हणजे अन्न ज्याच्याकडून आले त्याच्या अंगचा दोष. या शब्दाचा आधार घेऊन कित्येकांनी माणसांमाणसांत भिंती उभ्या केल्या, ही आपल्या समाजाची दुःखद चूक होय. तो अर्थ खरा असता, तर हस्तिनापुरात भगवान श्रीकृष्ण दुर्योधनाच्या राजवाड्यात जेवले असते. परंतु महाभारताच्या उद्योगपर्वात ते राजाचे निमंत्रण नाकारतात आणि दासीपुत्र विदुराच्या घरी भोजन करतात. दुसऱ्याच्या घरी जेवावे ते प्रेमापोटी किंवा संकटात सापडल्यामुळे. तुझ्या ठायी प्रेम नाही आणि मी संकटात नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. विदुराघरच्या कण्यांची गोडी आपल्या लोकपरंपरेने शतकानुशतके जपली, ती याचसाठी. दोष जन्माचा नसतो. तो अन्यायाने मिळविण्याचा असतो.

येथे थोडे अंतर्मुख व्हावे. देवाच्या दानपेटीत आनंदाने शंभर रुपये टाकणारा हात बाजारात मेथीच्या जुडीसाठी म्हाताऱ्या भाजीवालीशी दोन रुपयांची घासाघीस करतो, तेव्हा ती जुडी कोणत्या आश्रयाने घरी येते? ज्याने पिकविले त्याला कष्टाचा मोबदला मिळाला नाही, तर त्या अन्नावर तुळशीपत्र ठेवल्याने नैवेद्य पूर्ण होईल काय?

तिसरा निमित्तदोष, म्हणजे बाहेरून मिसळलेली अशुद्धी. पूर्वी केस, धूळ, किडा यांचा विचार होत असे. आज भेसळीचा आणि पिकावर राहून गेलेल्या विषारी फवारणीचा विचार करावा लागतो. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर राखावे लागते. बाजारभावाच्या घाईत ते राखले गेले नाही, तर विषाचा अंश घरापर्यंत येतो. आणि हे विष आपल्या ताटात येण्याआधी फवारणाऱ्याच्या श्वासात गेलेले असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कपाशी कोणी खात नाही, हे खरे. परंतु मातीत विष ओतण्याची किंमत प्रथम कोण मोजतो, हे त्या घटनेने दाखवून दिले. म्हणून रसायनांशिवाय पिकविलेल्या अन्नाचा आग्रह हा केवळ स्वतःच्या प्रकृतीचा प्रश्न नाही. तो भूतदयेचा प्रश्न आहे.

मळ्यातील पांडुरंग

सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील संतश्रेष्ठ सावता माळी यांचे चरित्र या संदर्भात मननीय आहे. इ. स. १२९५ मध्ये त्यांनी देह ठेवला. पंढरी जवळ असूनही त्यांनी मळ्यातील कामालाच पूजा मानले आणि भाजीपाल्याच्या वाफ्यातच विठ्ठलाचे दर्शन घेतले. त्यांच्या भेटीसाठी देवच मळ्यात आला, असे परंपरा सांगते. ज्या वाफ्यात देव उभा राहतो, त्या वाफ्यात विष कसे शिंपावे, हा प्रश्न सावतोबांचा भक्त म्हणविणाऱ्याने स्वतःस विचारावा.

ही परंपरा आजही खंडित झालेली नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान वाणांचे बियाणे जतन केले, त्यांची बँक उभारली आणि ते इतर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. देवघरातील मूर्तीप्रमाणे बी जपणारे असे हात आहेत, म्हणून आपल्या पानावर वालाची, घेवड्याची जुनी चव अजून येऊ शकते.

सेंद्रिय शेतमाल घेताना श्रद्धेबरोबर डोळसपणाही असावा. प्रमाणित होण्यापूर्वी शेताला साधारणतः दोन ते तीन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. पाकीटबंद मालावर सेंद्रिय प्रमाणनाचे चिन्ह पाहता येते. परंतु चिन्हापेक्षाही ओळख मोठी. वर्षाचे धान्य थेट ज्याच्याकडून घेतो त्या शेतकऱ्याचे शेत एकदा सहकुटुंब पाहून यावे. तीही एक यात्राच आहे.

सणांनी शिकविलेले जेवण

आपल्या पूर्वजांनी ऋतूनुसार खाण्याचे शास्त्र ग्रंथात ठेवले, तसे सणांतही गुंफले. चैत्रात गौरीपुढे आंब्याची डाळ आणि पन्हे. भाद्रपद शुद्ध पंचमीस, ऋषिपंचमीला, बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही; माणसाच्या हातांनी परसात पिकलेले अळू, माठ, भोपळा, सुरण यांची ऋषीची भाजी करावयाची. वर्षातून एक दिवस तरी आपण कोणाच्या कष्टांवर जेवतो, याचे स्मरण ठेवण्याचा हा केवढा सुंदर संस्कार! पौषात संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला ओला हरभरा, घेवडा, गाजर, वांगी असा हंगामाचा मेवा एकत्र शिजतो, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोण्याचा गोळा असतो. त्या त्या ऋतूत, त्या त्या मातीत जे येते तेच गोड मानून घ्यावे, हे ही ताटे न बोलता शिकवितात. ज्या भरडधान्यांना आपण मध्यंतरी गरिबाचे अन्न म्हणून दूर सारले, त्यांच्यासाठी २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. आपल्या आजीच्या टोपलीतील भाकरीला असा जगाचा मान मिळाला.

अन्नपूर्णेचे पान

प्रत्येक देवघरात अन्नपूर्णेची मूर्ती असते. विवाहात कन्येबरोबर ती माहेराहून येते. परंतु घरातील जी चालती-बोलती अन्नपूर्णा पहाटेपासून राबते, तिचे पान कोणते? सर्वांची जेवणे उरकल्यावर, निवलेली आमटी आणि तव्यावरची शेवटची पोळी घेऊन ती ओट्याशी एकटी बसते. आपल्याला ताजे, तिला गार. हा भेद जोवर घरात आहे, तोवर त्या घरचे अन्न प्रसादाच्या पदवीस पोहोचले असे म्हणता येणार नाही. अन्नछत्राची पंगत सर्वांना सारखे वाढते, तशी घरची पंगतही व्हावी. रात्रीचे एक जेवण तरी सर्वांनी एकत्र करावे. भाजी निवडणे, ताटे मांडणे, खरकटे काढणे यांत मुलगा, मुलगी, गृहस्थ सर्वांनी हात लावावा. सेवेसाठी क्षेत्री येऊन झाडू हाती घेणाऱ्या गृहस्थास घरचे स्वयंपाकघर परके वाटू नये.

विनम्र सावधानता

सात्त्विक आहाराचा अभिमान हाही एक राजस पदार्थच आहे! तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा न करण्याचे आणि घरी आलेल्यास विन्मुख न पाठविण्याचे व्रत सांगितले आहे. महाग सेंद्रिय माल परवडत नाही म्हणून कोणी हीन होत नाही; मोलमजुरी करून आणलेली शिधावाटप दुकानातील ज्वारीही प्रेमाने भाजली, वाटून खाल्ली, तर ती देवास प्रियच आहे. सुदाम्याचे पोहे कोणी तोलून पाहिले नव्हते.

घरी न्यावयाचा संकल्प

यात्रेची सांगता काही तरी नियम धरून करावी, अशी आपली रीत आहे. पुढीलपैकी जमेल तो एक नियम आज श्रींसमोर धरावा :

१. दिवसातून एक वेळचे जेवण घरी ताजे शिजवून, देवास नैवेद्य दाखवून मगच घ्यावे.

२. जेवताना दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवावा; पहिला घास घेण्यापूर्वी पिकविणाऱ्याचे आणि शिजविणाऱ्याचे स्मरण करावे.

३. पानात हवे तेवढेच घ्यावे. घेतलेले टाकू नये.

४. सज्जात, गच्चीत, परसात जागा असेल तेथे मेथी, कोथिंबीर, पुदिना लावावा. कुंडीतील मेथी तीन-चार आठवड्यांत काढणीस येते. भाजीच्या देठा-सालींचे खत करून त्याच कुंडीस घालावे.

५. शक्य असेल तेव्हा शेतकऱ्याकडून थेट, योग्य भावाने, हंगामातील माल घ्यावा.

६. रोजच्या शिजविण्यात एका माणसाचा वाटा अधिक असावा : अतिथीचा, भुकेल्याचा, किंवा दाराशी येणाऱ्या मुक्या जीवाचा.

अन्नछत्रास आपण देता ते दान अनमोल आहे. त्यामुळे हजारोंच्या मुखी घास पडतो. त्या दानाचे खरे फळ मात्र देवाच्या दारी जे वाढले जाते ते आपल्या घरीही वाढले जाऊ लागावे, यात आहे. जे पवित्र पिकले, प्रेमाने शिजले आणि वाटून खाल्ले, त्या साध्या भाकरीला पक्वान्नाची सर येते. त्या घराच्या उंबरठ्याशी तीर्थ आपल्या पायांनी चालत येते.

आपणा सर्वांच्या घरी अन्नाची कधी उणीव पडू नये, अन्नाचा कधी अपमान होऊ नये आणि आपल्या शेतकरी बांधवांच्या शिवारात सदैव समृद्धी नांदावी, हीच श्रीचरणी नम्र प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥