जहाजातले सोबती



९ एप्रिल हा दिवस आपल्या ठाण्याचा आहे, पण फार थोड्यांच्या तो लक्षात असतो. १३२१ साली या दिवशी तीन फ्रान्सिस्कन बंधूंनी ठाण्यात ख्रिस्तासाठी प्राण दिले: टोलेंटिनोचे वयोवृद्ध फादर थॉमस, पादुआचे जेम्स आणि तिफ्लिसचे ब्रदर दिमेत्रियस. दोनच दिवसांनी सिएनाचे पीटर. या रक्तसाक्ष्यांविषयी आपण अधूनमधून ऐकतो. आज मला त्यांच्या जहाजातल्या पाचव्या सोबत्याविषयी बोलायचे आहे. ते वाचले.

त्यांचे नाव फादर जॉर्डन, फ्रान्समधील डॉमिनिकन धर्मगुरू. हे पाचही जण इराणच्या होर्मुझ बंदरातून निघाले होते. जायचे होते केरळातील कोल्लमला, पण वाऱ्याने जहाज ठाण्याच्या खाडीत आणले. इथल्या नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना घरात घेतले. जॉर्डन यांना फारसी चांगली येत असे, म्हणून भडोचकडील ख्रिस्ती लोकांना भेटायला ते पुढे गेले. चौघे ठाण्यात थांबले. थोड्याच दिवसांची ताटातूट ठरली होती.

बातमी कळताच ते परतले आणि मित्रांचे देह सोपाऱ्याला नेऊन त्यांनी पुरले.

पुढे दोन-अडीच वर्षांनी त्यांनी ठाण्याहून आपल्या धर्मबंधूंना पत्र लिहिले. त्या सागरप्रवासाच्या गोड आठवणी त्यात नाहीत. चाच्यांनी पकडले, तुरुंगात टाकले, लोकांनी नको ते आरोप केले, उपासमार झाली, शरीर खंगले, हे सगळे त्यांनी लिहिले. सोबत्यांबरोबर मलाही मरण यायला हवे होते, असेही लिहिले. मर्तिकाच्या घरी आपण ‘देवाची इच्छा’ म्हणतो आणि निघतो. मीही तेच करतो. जॉर्डन तर धर्मगुरू, हे वाक्य त्यांनाही पाठ असणार. पण तेवढ्यावर त्यांनी पत्र संपवले नाही.

आपल्या धर्मग्रामातही असे जॉर्डन आहेत. तीस वर्षे एकाच लोकलने, एकाच डब्यातून मुंबईला गेलेल्या गटातले कोणी एकटेच उरलेले. नवऱ्यामागे डोंबिवलीला मुलाकडे राहणारी, पण रविवारी मिस्साला इथेच येणारी मावशी. त्यांना आपण ‘मन रमवा’ म्हणतो. कधी त्यांच्या सोबत्यांची नावे विचारा. मग मात्र घाई करू नका.

जॉर्डन यांनी आधीच्या एका पत्रात आणखी एक गोष्ट केली होती. धर्मबंधू पाठवा, अशी विनवणी केली. कुठे जागा आहे तेही सांगितले: सोपारा, भडोच, कोल्लम. एकट्याने सगळे होईल असा आव त्यांनी आणला नाही.

दरम्यान फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक यांनी त्या चौघांच्या अस्थी समुद्रमार्गे कोल्लमवरून चीनला नेल्या. आणि १३२९ साली पोप बावीसावे जॉन यांनी फादर जॉर्डन यांना बिशप नेमले, ते कोल्लमचे. पाच मित्रांचे जहाज मुळात तिथेच निघाले होते.