सहाव्या माणसाला काय विकायचं?

वादळात आडवी झालेली चिंच चिरायची आहे, कोणती चेनसॉ घेऊ, असं विचारत परवा एक गिऱ्हाईक आलं. बुंधा दोघांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा. शिरपुरात माझं अवजारांचं दुकान, त्यामुळे उत्तर तोंडावरच होतं. तोडणं वेगळं, चिरणं वेगळं. आडव्या कापात चिपा उडतात; रेषेच्या बाजूने फळी पाडताना पिठासारखा भुसा पडतो आणि इंजिनाला दम घ्यायला फुरसत मिळत नाही. स्टिलचं एमएस ८८१ म्हणजे १२१.६ सीसी, वजन दहा किलोच्या जरा आत. हुस्कवर्नाचं ३१२० एक्सपी ११८.८ सीसी, किंचित जड. दोन्ही चालतील. ९१ सीसीचं एमएस ६६१ तोडणीला बरं, पण चिंचेच्या फळ्यांना धापा टाकेल. साखळीचे दात मात्र तीस अंशांचे नकोत, दहाला घासून घे.

एवढं सांगून झालं आणि गल्ल्यामागच्या चित्राकडे नजर गेली. वडिलांनी लावलेलं, आम्हा जैनांच्या षट्लेश्येचं, म्हणजे मनाच्या सहा छटांचं. जांभळाखाली सहा भुकेले. पहिला म्हणतो मुळापासून तोडू. दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा डहाळ्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकली फळं. सहावा म्हणतो, पडलेली वेचू. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंत. पहिल्या पाच जणांना लागेल ते सगळं माझ्या दुकानात आहे. सहाव्याला काय विकणार? फार तर पिशवी.

मी विकतो, तोडत नाही, ही पळवाट आमच्यात चालत नाही. कृत, कारित, अनुमोदित, म्हणजे केलेलं, करवलेलं आणि संमती दिलेलं, तिन्ही खातेवहीत चढतात. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे धंद्यांत, दुसरंच वनकर्म आहे, झाडतोडीचं. आता तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? पण हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचं गाव. इथे दोन पंथांचा वाद प्रिव्ही कौन्सिलपासून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, मंदिराला चाळीस वर्षांवर कुलूप राहिलं, ते २०२३ साली उघडलं. अडून बसायची आम्हाला सवय आहे.

मनाला म्हटलं, झाड तर पडलेलंच आहे, म्हणजे गिऱ्हाईक सहावा माणूस. तरी संध्याकाळी जाऊन बुंधा पाहून आलो. साल बोटभर उचकटली तर आत मुंग्यांची रांग, पांढरी अंडी तोंडात धरून पळणारी. खालच्या अंगाला वाळवी. एका भोकातून भुंगेरा बाहेर आला आणि मिशा हलवत थांबला. जीव इंद्रियांवर मोजायचे तर उभी चिंच एकेंद्रिय. मुंगी, वाळवी त्रीन्द्रिय, भुंगेरा चतुरिंद्रिय. पडलेल्या झाडाने हिशोबच उलटा केला.

हातकरवतीने चिरताना भुंगेरा दिसतो, माणूस थांबतो. १२१ सीसीला काही दिसत नाही, तोंडावर भुसा उडत असतो. दोन मशीनमधला फरक मला किलोत आणि सीसीत सांगता येतो; पण शास्त्र ज्याला यतना म्हणतं, जीव सांभाळून वागणं, ती मशीनच्या कागदावर छापलेली नसते. ती सुरू करण्याआधीच करून ठेवावी लागते.

गिऱ्हाइकाला सांगितलं, आधी साल काढ, भोकं झाडून घे, चार-आठ दिवस ओंडका उन्हात मोकळा पडू दे. जे निघून जाईल ते जाईल.

"शेटजी, पाऊस तोंडावर आलाय," तो म्हणाला. खरं होतं त्याचं.

ॲडव्हान्स मी घेतलाय. मशीन अजून दुकानातच आहे. साल काढून झाली की ये, म्हटलंय.