रिक्थ, ऋण आणि राज्य

राज्य बदलले की जुन्या राज्यकर्त्याचे कर्ज कोणी फेडायचे, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटला, तरी मुळात तो धर्माचा, म्हणजे कर्तव्याच्या अधिष्ठानाचा आहे. कारण कर्ज काढणारा, त्याचा लाभ घेणारा आणि अखेर ते फेडणारा हे तिघे बहुधा वेगळे असतात. याज्ञवल्क्यस्मृतीने कुटुंबापुरते त्याचे उत्तर दिले आहे. जो रिक्थ, म्हणजे मृताची मालमत्ता, घेतो त्याने ऋणही फेडावे. कुटुंबाच्या निर्वाहासाठी काढलेले ऋण वाटेकऱ्यांवर येते, परंतु मद्य, द्यूत वा कामासक्ती यांपायी झालेले ऋण पुत्राला बांधत नाही.

अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे महसुली विभागाचे, ठाणे असलेले पैनगंगेकाठचे मेहकर १८५३ मध्ये या प्रश्नाच्या कचाट्यात सापडले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, पण निजामाच्या खर्चाने पोसली जाणारी ‘हैदराबाद कंटिन्जंट’ ही फौज होती. तिचा पगार थकत जाऊन निजामावरील ईस्ट इंडिया कंपनीचे कर्ज वाढले आणि त्या वर्षीच्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेला. कर्ज दरबाराचे होते, तारण मात्र रयतेच्या शेतसाऱ्याचे पडले, आणि त्या रयतेला कोणी विचारले नव्हते. १८६० मध्ये पन्नास लाखांचे कर्ज माफ होऊन त्याच तहात गेलेले धाराशिव व रायचूर दुआब निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मिळाला नाही. ऋणको गहाण सोडवण्यास आला असता आधी, म्हणजे गहाण वस्तू, न सोडणारा धनको चोर ठरतो, असे हीच स्मृती सांगते. वऱ्हाड केवळ जुन्या कर्जापोटी नव्हे, तर फौजेच्या चालू खर्चासाठी दिला आहे, ही इंग्रजांची बाजू कराराच्या अक्षराला धरून होती. तथापि १९०२ मध्ये वार्षिक पंचवीस लाखांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला गेला, तेव्हाही मेहकरच्या कुणब्याची संमती कोणत्याच पक्षाला आवश्यक वाटली नाही.

हाच प्रश्न अमेरिकेतही उभा राहिला. तिथे १७९० मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने घटक राज्यांची स्वातंत्र्ययुद्धातील कर्जे नव्या राष्ट्रीय सरकारने घ्यावीत असा प्रस्ताव मांडला, तेव्हा ज्या राज्यांनी आपले बरेचसे कर्ज फेडले आहे त्यांनी इतरांचा भार का वाहावा, असा जेम्स मॅडिसनचा आक्षेप होता. युद्ध सर्वांचे होते, म्हणून कर्जही सर्वांचे, हे हॅमिल्टनचे उत्तर स्मृतीतील कुटुंबार्थ ऋणाच्या कल्पनेशी जुळते; मॅडिसनचा आक्षेपही न्याय्य होता, कारण समान दायित्वात आधी फेडलेल्याचा हिशेब धरावाच लागतो.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९५ ने हैदराबादसारख्या संस्थानांबाबत रिक्थ आणि ऋण यांची सांगड घातली: केंद्राच्या अखत्यारीतील विषयांशी निगडित मालमत्ता व दायित्वे केंद्राकडे, उरलेली त्या त्या राज्याकडे. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशाचे विभाजन होताना सार्वजनिक कर्जाची वाटणी मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात झाली. हे सूत्र सोयीचे खरे, पण कर्जातून झालेले रस्ते, धरणे आणि इमारती कोणाच्या वाट्याला आल्या, हे ते विचारात घेत नाही. वेगळ्या विदर्भाची चर्चा जेव्हा जेव्हा होते, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि तिथे कर्जाचा आकडा व डोक्यांची संख्या एवढ्यावर थांबणे अपुरे आहे. ज्याने रिक्थ घेतले त्याने ऋण घ्यावे, आणि ज्याच्या नावावर ऋण चढते त्याला ते चढण्यापूर्वी विचारावे. यांतील पहिली अट स्मृतीने घातली, दुसरी लोकशाहीने घातली, आणि दोन्ही पाळल्याशिवाय राज्याचे कर्ज रयतेचे होत नाही.