ज्या नावाचा आधी कोणीच नव्हता



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अस्रच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीच्या ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. घरी मुलगा जन्मला होता आणि अकीका दुसऱ्या दिवसावर आला होता, पण नाव ठरत नव्हते. आजोबांना आपल्या मरहूम वडिलांचे नाव हवे होते, तर आईबापांना ते जुनाट वाटत होते. तरुण म्हणाला, "मौलाना, असे एक नाव सांगा जे आपल्या जमातीतच काय, पूर्ण जिल्ह्यात कोणाचे नसेल." त्याच्या मोबाइलमध्ये नावांची एक लांबलचक यादी होती. तीमधली पाच-सहा नावे त्याने वाचून दाखविली. दोन नावांना अरबीत काही अर्थच नव्हता आणि एकाचा अर्थ असा होता की तो बापाला सांगताना मला संकोच वाटला.

मी त्याला म्हणालो, "भाई, आधी कोणाचेच नव्हते असे एक नाव खुद्द अल्लाहने ठेवलेले आहे. ते तुला सांगतो, परंतु नावाच्या आधी त्या नावाची हकीकत ऐकावी लागेल." जी हकीकत त्याला सांगितली, तीच आज थोड्या विस्ताराने आपल्यापुढे मांडतो.

सूरह मरयमच्या आरंभी हजरत जकरिया (अ.स.) यांच्या प्रार्थनेचा उल्लेख आहे. वृद्धापकाळ आलेला, हाडे दुर्बल झालेली, डोके पांढऱ्या केसांनी उजळून निघालेले आणि पत्नी वांझ. अशा अवस्थेत हा बुजुर्ग पैगंबर आपल्या पालनकर्त्याला एकांतात, दबक्या आवाजात हाक मारतो. सूरह आले-इमरान सांगते की या प्रार्थनेला एक निमित्त घडले होते. हजरत मरयम (अ.स.) त्यांच्या पालकत्वाखाली होत्या. जेव्हा जेव्हा ते मेहराबमध्ये त्यांच्याकडे जात, तेव्हा त्यांच्याजवळ अन्न मौजूद असे. कोठून आले म्हणून विचारले, तर उत्तर मिळे की अल्लाहकडून. जो अल्लाह बंद कोठडीत रोजी पोहोचवितो, तो म्हातारपणी संततीही देऊ शकतो, ही आशा त्या वृद्ध हृदयात तिथेच जागी झाली.

आता जरा थांबून पाहा की त्यांनी मागितले काय. आपल्यामागे भाऊबंद दीनचे काय करतील याची धास्ती त्यांना होती, म्हणून त्यांनी वारस मागितला. आणि त्या वारसाबद्दल एकच अट घातली, की हे पालनकर्त्या, त्याला तुझ्या पसंतीचा बनव. नावाविषयी त्यांनी एक शब्दही काढला नाही. नाव वरून आले, शुभवार्तेसोबत आले: मुलगा होईल, त्याचे नाव यह्या असेल आणि यापूर्वी या नावाचा कोणी आम्ही केलेला नाही. बापाने शील मागितले, नाव त्याला बक्षीस म्हणून मिळाले. आपल्या घरांमध्ये आज हा क्रम उलटा झालेला दिसतो. सहा-सहा महिने नावाचा शोध चालतो. परंतु 'याला तुझ्या पसंतीचा बनव' ही दुआ किती माता-पित्यांच्या ओठांवर असते?

त्या आयतीत 'समिय्य' असा शब्द आला आहे. त्याचा सरळ अर्थ नामबंधू, म्हणजे त्याच नावाचा दुसरा माणूस. इमाम इब्ने जरीर तबरी (रह.) यांनी हाच अर्थ अधिक योग्य ठरविला आहे. हजरत मुजाहिद (रह.) यांच्या मते मात्र त्याचा आशय 'त्याच्यासारखा कोणी' असा आहे, आणि याच सूरहच्या ६५ व्या आयतीत हा शब्द अल्लाहविषयी येतो, तेव्हा 'त्याच्या तोडीचा कोणी तुला ठाऊक आहे काय' असाच भाव निघतो.

महाविद्यालयात शिकणारी आपली मुले येथे एक प्रश्न विचारतील आणि त्यांनी तो विचारावाच. ख्रिस्ती बांधव याच पैगंबराला योहान म्हणतात. त्याचे मूळ हिब्रू रूप योहानान. आणि हे नाव तर बनी इस्राईलमध्ये पूर्वीपासून होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्यांचा एक राज्यकर्ता-धर्मगुरूच या नावाचा होऊन गेला. मग 'आधी कोणी नव्हता' याचा अर्थ काय? याचे उत्तर शब्दातच आहे. योहानानचा अर्थ 'परमेश्वराने कृपा केली' असा होतो. यह्या हा शब्द 'हयात'च्या धातूशी जुळतो. 'तो जगतो' असा त्याचा अर्थ. नाव देणाऱ्याने जुने नाव पुन्हा दिले नाही, नवे दिले. अरबी बोलणारे ख्रिस्ती आजही यूहन्ना असेच म्हणतात, यह्या म्हणत नाहीत. आणि ज्याला मुजाहिद (रह.) यांचा अर्थ पटतो, त्याच्यापुढे तर हा प्रश्न उभाच राहत नाही. एक गोष्ट मात्र मला फार हृद्य वाटते. याच सूरहमध्ये पुढे हजरत यह्यांचे गुण सांगताना 'हनान' हा शब्द आला आहे, म्हणजे आमच्याकडून दिलेली ममता, हृदयाचा ओलावा. योहानानमधला 'हानान' आणि हा 'हनान' एकाच धातूचे आहेत. लोकांनी ज्या अर्थाने त्यांना ओळखले, तो अर्थ कुरआनने त्यांच्या स्वभावात नोंदवून ठेवला आणि नाव मात्र स्वतःचे दिले.

'तो जगतो' या नावाच्या माणसाला जीवन कसे लाभले? जुन्या मुफस्सिरांपैकी हजरत कतादा (रह.) म्हणतात की अल्लाहने त्यांना ईमानाने जिवंत केले म्हणून हे नाव. आपल्या परंपरेत ते शहीद मानले जातात. आणि अल्लाहच्या मार्गात मारले गेलेल्यांना मृत म्हणू नका, असा आदेश सूरह बकरहमध्ये आहेच. दमिश्कच्या उमवी मशिदीत नमाजच्या दालनातच त्यांच्या नावाची जागा आहे आणि तिथे ख्रिस्ती यात्रेकरूही आदराने येतात.

बालपणीच त्यांना समज दिली गेली, ग्रंथ बळकटपणे धरण्याची आज्ञा झाली. ते पवित्र होते, ईशभीरू होते, माता-पित्याशी सद्वर्तन करणारे होते, उद्दाम नव्हते. तिरमिजीमध्ये एक हदीस आहे की अल्लाहने त्यांना पाच गोष्टी लोकांपर्यंत पोहोचविण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांनी बैतुल मकदिसमध्ये लोकांना एकत्र केले. मशीद भरून गेली, लोक उंचवट्यांवर बसले, आणि मग त्यांनी एकेश्वरत्व, नमाज, रोजा, सदका व अल्लाहचे स्मरण यांविषयी सांगितले.

आता पुढे या नावाचे काय झाले ते पाहा. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या उम्मतीत ते असे पसरले की हदीसच्या सनदी वाचताना पानोपानी यह्या भेटतो. यह्या बिन सईद अल-कत्तान, यह्या बिन मईन. हे दोघे हदीस पारखणाऱ्यांचे उस्ताद. 'रियाजुस्सालिहीन' आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. तिचे कर्ते इमाम नववी (हिजरी ६३१ ते ६७६) यांचे नाव यह्याच होते. लोकांनी दिलेली 'मुहियुद्दीन' ही भारदस्त पदवी त्यांना आवडत नसे, असे सांगितले जाते. आणि स्पेनमध्ये इमाम मालिक (रह.) यांची 'मुवत्ता' ज्यांनी रुजविली, ते तर यह्या बिन यह्या, बापही यह्या आणि मुलगाही यह्या! त्यांचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. मदीनेत एकदा हत्ती आला. इमाम मालिक यांच्या वर्गातले सारे विद्यार्थी तो पाहायला धावले, हा एकटा बसून राहिला. इमामांनी विचारले, "तुझ्या देशात तर हत्ती नसतो, तू का गेला नाहीस?" तो म्हणाला की मी इतक्या दुरून आपल्याला पाहायला आलो आहे, हत्तीला नव्हे. दुर्मीळ वस्तूचे कौतुक त्यालाही असेल. पण आपण कशासाठी आलो आहोत हे तो विसरला नाही.

जे नाव एका काळी एकट्याचे होते, ते पश्चिम आफ्रिकेत 'याया' होऊन, तुर्कस्तानपासून इंडोनेशियापर्यंत घरोघरी गेले. हजरत यह्या (अ.स.) यांचे त्यात काय कमी झाले?

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी मराठी लिपीत अधिक जाणवते. 'ऐन'ने लिहिलेला अलीम म्हणजे जाणणारा. 'अलिफ'ने लिहिलेला अलीम म्हणजे यातना देणारा, जो कुरआनमध्ये अजाबच्या वर्णनात येतो. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. फिरऔनच्या ईमानवंत पत्नीचे नाव आसिया. परंतु 'ऐन' आणि 'साद'ने लिहिलेली आसिया म्हणजे अवज्ञा करणारी. हजरत उमर (रजि.) यांच्या एका मुलीचे नाव हे दुसरे होते; प्रेषित (स.) यांनी ते बदलून जमीला ठेवले, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणून मोबाइलच्या यादीवर विसंबू नका, एखाद्या जाणकाराकडून ते नाव अरबीत लिहवून घ्या. सर्वांत सामान्य वाटणारी अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही नावे अल्लाहला अधिक प्रिय आहेत, हेही हदीसमध्येच आहे. आणि स्वतः प्रेषित (स.) यांना मुलगा झाला, तेव्हा त्यांनी नवे नाव शोधले नाही, आपले पिता इब्राहीम (अ.स.) यांचे नाव ठेवले. बुजुर्गांच्या नावाला जुनाट म्हणणाऱ्यांनी हे जरूर आठवावे. त्या तरुणालाही मी हे सांगितले, आणि वडिलांकडे जाऊन आधी त्यांचे मन घे, असेही सांगितले.

तो गेला. दुसऱ्या दिवशी अकीक्याला आजोबा स्वतः मला बोलवायला आले. नातवाच्या कानाशी वाकून त्यांनीच यह्या हे नाव उच्चारले आणि मला म्हणाले, "मौलाना, माझ्या वडिलांचे नाव जकरिया होते. मुलाला ते जुने वाटले होते. काल रात्री त्याने सूरह मरयमचा तर्जुमा मला वाचून दाखविला, आणि मग मीच म्हणालो, जकरियाच्या घरी यह्याच आला पाहिजे."

जन्मदाखल्यावर कारकुनाने ते 'याया' असे लिहिले. ते दुरुस्त करून घ्यायला बापाला तीन फेऱ्या घालाव्या लागल्या. हा मुलगा आता आमच्या मकतबमध्ये नाजरा शिकतो. त्याच्या शेजारी, त्याच्यानंतर दीड वर्षाने जन्मलेला, याच मोहल्ल्यातला दुसरा यह्या बसतो. उस्तादांनी हाक मारली की दोघेही उभे राहतात.